चालू प्रोग्रॅममधला सबइंटरप्रिटर जबरदस्तीने बंद करता यावा का?

अर्धविराम:
पायथनचा सबइंटरप्रिटर (एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये, चालणारा आणखी एक स्वतंत्र इंटरप्रिटर) काम करत असताना त्यावर क्लोज (बंद करण्याची आज्ञा) म्हटले की एरर मिळतो आणि हा निव्वळ भित्रेपणा आहे, असे काल एका सदस्याने येथे लिहिले व त्यावर बरीच वाहवा झाली, म्हणून हे सविस्तर उत्तर. पायथन ३.१२ पासून प्रत्येक सबइंटरप्रिटरला स्वतंत्र जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे कामाच्या एकाच धाग्याला, पायथन कोड चालवू देणारे लॉक) मिळू शकतो, हे खरे. परंतु अ‍ॅड्रेस स्पेस (मेमरीच्या पत्त्यांचा परिसर) एकच असते, फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलींचे क्रमांक) सामाईक असतात आणि जुन्या सी एक्स्टेन्शनमधली (सी भाषेत लिहिलेल्या जोड-मॉड्यूलमधली) स्टॅटिक व्हेरिएबलेही सामाईकच राहतात. आतल्या थ्रेडने मॅलॉकचे (मेमरी वाटून देणाऱ्या सी फंक्शनचे) लॉक घेतलेले असताना त्याला ठार केले, तर ते लॉक सोडणार कोण? पुढच्या क्षणी मेमरी मागायला जाणारा मुख्य प्रोग्रॅमच तेथे अडकून पडेल. जावा भाषेने थ्रेड स्टॉप (थ्रेड बाहेरून बळेच थांबवण्याची सोय) १.२ मध्येच नापसंत ठरवला आणि जावा २० मध्ये निकामी केला, तो याच कारणासाठी.

पाषाण:
कालचे विधान माझे होते आणि मी ते मागे घेत नाही. शिवाय जावाचे कारण आपण नेमके उलटे सांगितले आहे. तेथे लॉक अडकून राहत नसत, सुटत असत. म्हणूनच अर्धवट बदललेली ऑब्जेक्ट इतर थ्रेडना दिसू लागत. दुसऱ्याला भित्रेपणावरून व्याख्यान देण्यापूर्वी एवढे तरी पाहायला हवे होते.
आता मूळ मुद्दा. आमच्या सर्व्हरवर ग्राहकांनी लिहिलेल्या स्क्रिप्ट चालतात. एका रात्री एक स्क्रिप्ट न संपणाऱ्या लूपमध्ये शिरली, क्लोज नकार देत राहिला आणि अखेर आम्हाला अख्खी प्रोसेस मारावी लागली. सोबतच्या सगळ्या निरपराध स्क्रिप्टही गेल्या. शेजाऱ्याच्या लूपपायी मला मरावे लागत असेल, तर त्या व्यवस्थेला 'आयसोलेटेड' कोणत्या तोंडाने म्हणायचे? नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत) वर्करला, म्हणजे तिथल्या वेगळ्या थ्रेडला, टर्मिनेट म्हटले की असा लूप थांबतो.

जुनी खोड:
टर्मिनेटचे कौतुक करताना फायनली ब्लॉक (काहीही झाले तरी शेवटी चालायचा आवराआवरीचा कोड) चालत नाहीत आणि वर्कर नेटिव्ह कोडमध्ये (जावास्क्रिप्टबाहेरच्या, सीसारख्या भाषेतल्या कोडमध्ये) गुंतलेला असेल तर तो परत येईपर्यंत वाटच पाहावी लागते, हेही लिहा. आम्ही डॉटनेटच्या (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग प्रणालीच्या) अ‍ॅपडोमेनमध्ये (एकाच प्रोसेसमधल्या स्वतंत्र कप्प्यांमध्ये) हे सगळे भोगले आहे. अनलोड म्हटले की आतल्या थ्रेडमध्ये अबॉर्ट (काम सोडायला लावणारे एक्सेप्शन) फेकला जाई. थ्रेड अनमॅनेज्ड कोडमध्ये (डॉटनेटच्या ताब्याबाहेरच्या कोडमध्ये) किंवा फायनलीमध्ये असेल तर काही वेळाने 'अनलोड करता येत नाही' असे एक्सेप्शन हाती पडे. पुढे डॉटनेट कोअरने अ‍ॅपडोमेन काढून टाकले आणि ३.० मध्ये असेंब्ली लोड कॉन्टेक्स्ट (लोड केलेल्या कोडचा गट) अनलोड करण्याची सोय दिली, तीही सहकारावर चालणारी. एका प्लगइनने मुख्य प्रोग्रॅमच्या स्टॅटिक इव्हेंटला (प्रोग्रॅम चालू असेपर्यंत टिकणाऱ्या सूचनेला) लावलेला हँडलर काढला नव्हता. अनलोड मुकाट्याने 'यशस्वी' होत राहिला, मेमरी वाढत राहिली आणि तो एक संदर्भ शोधण्यात माझे आठ दिवस गेले. त्यापेक्षा तोंडावर एरर फेकणारा पायथन मला सज्जन वाटतो.

पाषाण:
आपले आठ दिवस गेले याचे दुःख आहे, पण तो दोष हँडलर न काढणाऱ्याचा.

जुनी खोड:
अगदी बरोबर. आणि न संपणारा लूप लिहिणाऱ्याचा दोष मात्र पायथनचा, नाही का?

अर्धविराम:
जावाबाबतची चूक मान्य. तरीही एकीकडे लॉक सुटले म्हणून घोटाळा आणि दुसरीकडे सुटले नाही म्हणून घोटाळा होत असेल, तर माझे म्हणणे उलट बळकटच होते. परक्याचा कोड चालवायचा असेल, तर वेगळी प्रोसेस काढा. ती मारल्यावर तिची मेमरी आणि उघड्या फाइली ऑपरेटिंग सिस्टिम आवरते. सबइंटरप्रिटरमागे असे आवरणारे कोणी नसते.

पाषाण:
वेगळी प्रोसेस परवडत नाही, म्हणूनच तर सबइंटरप्रिटर घेतले होते. निदान शुद्ध पायथनमधल्या लूपपुरता तरी मार्ग हवा. दुसऱ्या थ्रेडमध्ये एक्सेप्शन टाकण्याची सोय पायथनच्या सी एपीआयमध्ये (सी कोडमधून पायथन वापरण्याच्या फंक्शनांमध्ये) आहेच. ती क्लोजला जोडायला काय हरकत आहे?

अर्धविराम:
ग्राहकाने लूपच्या आतच नुसता एक्सेप्ट (कोणतेही एक्सेप्शन पकडणारा) लिहून ते गिळले, तर?

पाषाण:
तर मी प्रोसेस मारीन आणि आपल्याला फोन करून उठवीन. मी 'भित्रेपणा' हा शब्द मागे घेतो. 'अर्धवटपणा' हा ठेवतो.