शब्दकोडी सोडवतानाचे किस्से सांगा (आडवे, उभे आणि तिरके)

मुक्काम_पोस्ट_डोंबिवली
परवा लोकलमध्ये घोषणा झाली, 'पुढील स्थानक कळवा', आणि मी एकटीच फिस्सकन हसले. समोरच्या बाईंनी पर्स जवळ ओढून घेतली. तर कारण असं.

८७-८८ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या बिल्डिंगच्या गणपतीत तळमजल्यावरचे एक काका फळ्यावर शब्दकोडं घालायचे. व्हीटीला रेल्वेच्या ऑफिसात होते. फळा मांडवाच्या खांबाला टेकवलेला, रेघा पट्टीने मारलेल्या, आणि बाद घरं खडू आडवा धरून पांढरीफटक केलेली. आरतीनंतर रोज थोड्या थोड्या सूचना मिळायच्या. पेपरात 'पाणी' म्हटलं की 'जल' लिहून मोकळं व्हायचं, तसलं काही नाही. सगळा श्लेष, संधी आणि शब्दांची मोडतोड. आणि कोडं कशावर आहे ते काका सांगायचे नाहीत. "विषय सांगितला तर टाइमटेबल पाठ करून याल," असं म्हणाले होते, आणि तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता!

पहिली सूचना होती 'निरोप द्या (३)'. सगळ्यांनी एकमुखाने 'पाठवा' भरलं. दुसऱ्या दिवशी त्याच घरातून आडवं निघालं: 'समर्थ सांगत, हा लिहून घेई, इथे गाडीला दोन वाटा (३)'. आजी खिरापतीची वाटी हातात घेऊन उभी होती, ती म्हणाली, "कल्याणस्वामी, दुसरं कोण?" मग 'पा' पुसून 'क' आला, आणि 'पाठवा'चं 'कळवा' झालं. कल्याण, कळवा... आणि पोरांनी जो काही गलका केला! अख्खं कोडं मध्य रेल्वेचं होतं. 'डोंगरातल्या वाटेला हाताचा सांधा जोडा (५)' म्हणजे घाटकोपर, आणि त्याच्या चौथ्या घरातून परळ खाली उतरत होतं.

अजून आठवतात त्या अशा, उत्तरं तुम्ही द्या:
सूड आणि महापूर (५)
हद्द झाली! (२)
झाडाला आवर घातला की हार्बर गाठाल (३)
झाड आणि खाली खोल उतार. कर्जतच्या पुढे जा (५)

आणि तुमचे किस्से येऊ द्या. पेपरातली, दिवाळी अंकातली, घरी केलेली, कुठलीही कोडी चालतील.

खारी_आणि_चहा
बदलापूर! मी बदलापूरचीच आहे, त्यामुळे सूड आणि महापूर दोन्ही माहितीचे. कुकर लावून येते, मग लिहिते.

अण्णा_एकारांत
वडाळा. वड + आळा. वा! काकांना साष्टांग. पण वडाळा मध्य रेल्वेत कसं घेतलं? ते हार्बरला येतं.

मुक्काम_पोस्ट_डोंबिवली
अण्णा, हार्बर मध्य रेल्वेचीच आहे की.

अण्णा_एकारांत
ते प्रशासनाला सांगा. आम्ही हार्बरवाले स्वतःला वेगळेच समजतो.

पेन_विरुद्ध_पेन्सिल
आमच्याकडे सासूबाई. रोज सकाळी पेपर आला की कोड्याचं पान पहिलं काढून घ्यायच्या, त्यामुळे सासऱ्यांच्या क्रीडापानाची मागची बाजू कायम गायब. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांच्याशी काय बोलावं सुचायचं नाही. त्या ओट्यापाशी, हात कणकेचे, आणि मी टेबलाशी पेपर घेऊन बसलेली. त्या आतून ओरडायच्या, "दुसरं अक्षर काय गं?" मी म्हणायचे 'ळ'. "मग झालं, भर." मी पेन्सिलने भरायचे. त्या हात धुऊन यायच्या आणि पेनने गिरवायच्या. खोडायची वेळ आली तर पान फाडून दुसऱ्या घरचा पेपर मागवणार, पण पेनच! नवरा अजून म्हणतो, तुमची मैत्री चोवीस आडव्यामुळे झाली.

शाळामास्तर
ह्रस्व-दीर्घाचं काय करता तुम्ही लोक? आडवा 'दिवा' आणि उभा 'दीन' एकाच घरात बसवणारे कोडेकार मी पाहिले आहेत. 'दि' की 'दी'? माझ्या वडिलांचा नियम होता, वेलांटी चुकली तर दोन्ही शब्द बाद. भावाचा नियम, काना-मात्रा सगळं माफ, व्यंजन जुळलं की बास. त्यामुळे दोघं एकत्र कोडं सोडवायला बसले की दुपारचा चहा वेगवेगळ्या खोल्यांत.

चिंचगुळाची_आमटी
'दीन'वरून आठवलं. मामा आम्हाला सुट्टीत उलटी कोडी घालायचा.
नदी उलटली, गरीब झालो (२): दीन.
लता उलटी फिरली तरी ठेका सोडला नाही (२): ताल.
मराठीत इंग्रजीसारखी अक्षरं पिसायला जाल तर काना-वेलांट्या अक्षराला चिकटलेल्या असतात, धड काही जुळत नाही. पण शब्द उलटा वाचणं मस्त जमतं. आणि मधून तोडणं तर फारच. वरच्या बदलापूरसारखं.

हद्दपार_इन_सायन
हद्द झाली! = शीव 😂 आयुष्य शीवला गेलं आणि हे उत्तर सुचायला दोन वेळा वर-खाली वाचावं लागलं.

टेम्सकाठची
थोडं वेगळं लिहिते, मराठी नाही. मी तेव्हा लंडनला नोकरीत नवीन. ऑफिसातला एक म्हातारा सहकारी 'गार्डियन'चं गूढ शब्दकोडं सोडवायचा, आणि मी शेजारी बसून शिकायचे. कोडेकाराचं टोपणनाव अरॉकेरिया. खरं नाव जॉन ग्रॅहम, पाद्री होते, वय नव्वदीच्या पुढे. २०१३ च्या जानेवारीत त्यांचं एक कोडं आलं. वर छापलेलं, अरॉकेरियाला १९ चा १८ झाला आहे आणि त्यावर १३-१५ चे उपचार चालू आहेत. आकडे म्हणजे कोड्यातली उत्तरं. आम्हाला वाटलं काहीतरी गंमत असणार. १८ आलं, कॅन्सर. सहकाऱ्याने पेन खाली ठेवलं. मग १९, अन्ननलिका. १३-१५ होतं 'पॅलिएटिव्ह केअर'. बरं होणार नाही, त्रास तेवढा कमी करायचा, असे उपचार. स्वतःच्या आजाराची बातमी त्यांनी वाचकांना अशी दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेले.
त्या दिवशी आम्ही बाकीचं कोडं पूर्ण केलं की नाही ते आठवत नाही. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात इतर लोकही तेच पान उघडून बसले होते एवढं आठवतं.

खारी_आणि_चहा
बापरे. कुकर लावून आले आणि हे वाचलं. काय माणूस असेल.

शाळामास्तर
नि:शब्द.

गुळाचा_खडा
@चिंचगुळाची_आमटी, तुमची उलटी कोडी आत्ता बाबांना वाचून दाखवली. बाबांना स्ट्रोक झाल्यापासून बोलताना शब्द सापडत नाहीत. कढईला 'ते काळं' म्हणतात. पूर्वी रोजचं कोडं चहा संपायच्या आत उरकायचे, आता मी सूचना वाचते आणि ते बघत राहतात, कधी येतो शब्द, बऱ्याचदा नाही. लता उलटी फिरली म्हटलं तर बराच वेळ गप्प, आणि मग टेबलावर बोटांनी दादरा वाजवायला लागले. शब्द काही आला नाही, पण उत्तर बरोबर ना!

चिंचगुळाची_आमटी
शंभर टक्के बरोबर. मामाला आत्ताच फोन करून सांगितलं. तो म्हणतोय, अजून पाठवतो, बाबांना रोज एक द्या.

पेन_विरुद्ध_पेन्सिल
गुळाचा_खडा, काळजी घ्या, स्वतःचीही. आणि स्पीच थेरपी चालू असेल तर सोडू नका, माझ्या काकूंना बराच फरक पडला होता, वेळ लागला पण पडला.

बारामतीकर
इतकी श्लेषाची चर्चा आणि आमच्या मोरोपंतांचं नाव नाही? १०८ रामायणं लिहिली आहेत पंतांनी, प्रत्येकात काहीतरी खेळ. एक तर निरोष्ठ रामायण, म्हणजे म्हणताना ओठाला ओठ लागता कामा नये. प, फ, ब, भ, म सगळे हद्दपार. आता विचार करा, 'राम' म्हणायला ओठ मिटतात. म्हणजे रामाचं नाव न घेता रामायण! आठवीत सरांनी आम्हाला दातांत पेन्सिल उभी धरायला लावून म्हणायला लावलं होतं. ज्याची पेन्सिल पडेल तो बाहेर. मी कायम बाहेर, पण ते वेगळ्या कारणांनी.

अण्णा_एकारांत
दातांत उभी पेन्सिल. मुलावर प्रयोग करून बघतो. (त्याची परीक्षा आहे उद्या, बायको मला बाहेर काढेल.)

नको_बाई_कोडं
मला कोड्यांची भीतीच वाटते. सगळ्यांना सुचतं आणि आपण बघत बसायचं. तरी धागा वाचायला मजा येतेय. पळसदरी का ते शेवटचं? कर्जतला माहेर आहे म्हणून.

मुक्काम_पोस्ट_डोंबिवली
पळसदरी! बघा, आलं की. आता भीती सोडा.

पेठेतला_पेठकर
बरं, मुंबईकरांचं झालं असेल तर पुण्याचं घ्या. दिवाळीत सोसायटीसाठी कोडं केलं होतं, विषय पेठा. विषय आधीच सांगतो, आम्ही काही लपवून ठेवत नाही.
लोखंडाला चढतो, दूध तापवायला लागतो (२)
तऱ्हेतऱ्हेचे फडणवीस (२)
सकाळची पहिली विक्री देवी करते (३)
पानिपतावर गेले, पुण्यात पाट्यांपुरते उरले (४)

शाळामास्तर
नाना, भवानी, सदाशिव. चौथी सूचना भाऊसाहेबांवर अन्याय करणारी आहे, तरी हसलो. पहिलीत अडलोय. तवा? पातेलं? दोन अक्षरी...

बे_एरियातली_वहिनी
इथे पहाटेचे चार वाजलेत आणि मी दुधाच्या भांड्यांची नावं आठवत बसलेय. झोपमोड केल्याबद्दल निषेध. आमच्या मंडळाच्या गणपतीत यंदा फळ्यावरचं कोडं करायचं ठरवलं आहे, मुलं सूचना इंग्रजीतून वाचतील पण उत्तरं मराठीत लिहायची. गाव कुठलं घ्यावं ते सुचवा. इथल्या स्टेशनांवर श्लेष होत नाहीत हो.

हद्दपार_इन_सायन
स्टेशनं सोडा, फराळ घ्या. करंजी झाड पण आहे, मासा जवळपास आहे.

अण्णा_एकारांत
'जवळपास आहे' वर गुण मिळत नाहीत.

खारी_आणि_चहा
गंज! गंज पेठ! आमच्या आजीकडे होता पितळी गंज, उंच, तोंडाला जरा आवळलेला. दुधाला वेगळा, ताकाला वेगळा.

पेठेतला_पेठकर
शाब्बास. आता तिला महात्मा फुले पेठ म्हणतात, पण कोड्यासाठी जुनं नाव चालवून घेतलं.

पेन_विरुद्ध_पेन्सिल
अवांतर, पण असा पितळी गंज आता मिळतो का कुठे? सासूबाईंचा आईकडे राहिला तो राहिलाच.

पेठेतला_पेठकर
तुळशीबागेत किंवा तांबट आळीत बघा. मिळाला तरी कल्हईवाला कुठून आणणार?

खारी_आणि_चहा
बदलापूरला एक येतो, महिन्यातून केव्हातरी, सायकलवर. पुढच्या वेळी आला की इथे कळवते.

अण्णा_एकारांत
कळवा (३)

खारी_आणि_चहा
अण्णा 😄 जा, मुलाचा अभ्यास घ्या.