जुन्या बाजारात मिळालेली चपला-बूट शिवायची हत्यारं, ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात (रविवार-बुधवारवाला) एका पथारीवर गोणपाटात गुंडाळलेला हत्यारांचा गठ्ठा दिसला, सुटं काही द्यायला तो तयार नव्हता म्हणून सगळाच उचलला. विकणाऱ्यालाही काय काय आहे ते माहीत नव्हतं, तो प्रत्येक गोष्टीला पाना म्हणत होता. घरच्यांनी गॅलरीत ठेवायची परवानगी दिलीय, आत आणायची नाही.

रापी (कातडं कापायची सुरी) आणि आऱ्या (कातड्यात भोक पाडायचे टोचे) ओळखू आल्या, बूट उलटा घालून ठोकायची तीन पायांची लोखंडी तिवई पण, ती कोपऱ्यावरच्या काकांकडे लहानपणापासून बघितलीय. पुढचं मात्र कळेना. एक पकड आहे, तोंड बाकदार, आत बारीक दाते, आणि जबड्याच्या खाली एका बाजूला चौकोनी लोखंडी ठोकळा आलेला, तो कशाला? एक लाकडी मुठीचं छोटं दातेरी चाक, त्यावर १० आकडा ठोकलाय. एक लोखंडी दांडी, टोक गुळगुळीत, मधे आडवी खाच, आणि ते टोक काळंठिक्कर पडलंय. शिवाय एक हातोडी, तिचं तोंड नेहमीपेक्षा खूप रुंद आणि किंचित फुगीर. पकडीवर घासून बघितलं तर बार्न्सली आणि शेफील्ड एवढं वाचता आलं.

शोकेसमध्ये ठेवायची हौस नाही, वापरायचीत. कोल्हापुरीचा सुटलेला तळ शिवायचाय, जमलं तर एक पट्टा करायचाय. गंज कसा काढू आणि यातलं मला उपयोगी काय? फोटो संध्याकाळी टाकतो.

प्रतिसाद :

फोटोची गरज नाही, वर्णनावरून कळतंय. पकड म्हणजे बुटाचं वरचं कातडं फर्म्यावर (पायाच्या आकाराच्या साच्यावर) ताणून बसवायची पकड. कातडं दातात धरून ओढायचं, ठोकळा फर्म्याला टेकवून तरफेसारखा जोर लावायचा, आणि ताण न सोडता त्याच ठोकळ्याने चूक (बारीक खिळा) ठोकायची, म्हणजे मधेच हातोडी शोधत बसायला नको. जॉर्ज बार्न्सली अँड सन्स ही शेफील्डची १८३६ साली सुरू झालेली कंपनी, बूट आणि कातडीकामाची हत्यारं हा त्यांचा मुख्य धंदा होता, त्यामुळे ती पकड सांभाळा. दांडीचं काळं टोक तापवून तापवून झालंय, ती कडा बसवायची इस्त्री. स्पिरिटच्या दिव्यावर जरा गरम करून मेण लावलेल्या तळाच्या कडेवरून दाबत फिरवतात, कडा घट्ट आणि चकचकीत होते. चाकाने भोकं पडत नाहीत, फक्त टाक्यांच्या खुणा उठतात, १० म्हणजे इंचाला दहा टाके. पाकिटाला छान, चपलेच्या तळाला फारच बारीक, तिथे इंचाला पाच-सहा बास.

हातोडी खिळे ठोकायची नाही हो! कातडं ठोकून दाबायची आहे, म्हणून तोंड रुंद. त्या तोंडावर एक जरी खड्डा पडला तरी प्रत्येक घावाला तो कातड्यावर उमटणार.

प्रतिसाद :

गंजाबद्दल माझं मत, आधी डब्ल्यूडी-फॉर्टी किंवा डिझेल लावून रात्रभर ठेवा, मग तारेच्या ब्रशने हलक्या हाताने. व्हिनेगरमध्ये बुडवायला बरेच जण सांगतील, पकडीला चालेल (नंतर सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच कोरडी करून तेल), पण धारेच्या हत्याराला मी कधीच करणार नाही. शिक्का असलेल्या जागी पॉलिश पेपर फिरवू नका, बोहरी आळीतनं आणाल तो सगळ्यात बारीक पेपर असला तरी नको. आणि रापी धार लावणाऱ्याच्या मशीनवर अजिबात देऊ नका, धार तापून निळी पडली की पाणी उतरलं (पोलादाचा कडकपणा गेला), मग कितीही घासा, टिकत नाही. बारीक दगडावर पाणी घालून हळूहळू लावा आणि शेवटी जुन्या पट्ट्याच्या खरखरीत बाजूला हिरवी पॉलिश पेस्ट लावून उलट ओढा. लाकडी मुठींना जवसाचं तेल.

धागाकर्ता :

भारी, आभार! चाक पाकिटासाठी ठेवतो मग. एक राहिलं, आऱ्या दोन प्रकारच्या निघाल्यात, एकीला टोकाशी खाच आहे, दुसरी साधीच पण गोल नाही. कोल्हापुरीला कुठली?

प्रतिसाद :

साधी आरी आडवी कापली तर शंकरपाळ्याचा आकार दिसेल, ती फक्त भोक पाडते, मग दोन सुया समोरासमोरून घालून शिवायचं. पट्ट्याला हीच. खाचेची आरी वरून टोचायची, खालच्या हाताने दोरा खाचेत अडकवायचा, वर फास ओढून घ्यायचा आणि दोऱ्याचं दुसरं टोक त्या फासातून काढून दोन्हीकडून ताणायचं. बाहेर काढताना आरी किंचित फिरवा नाहीतर खाच कातड्यात अडकते आणि पहिले काही टाके फाटतातच.

पण कोल्हापुरीत पारंपरिक पद्धतीत खिळा नसतो, कातड्याच्याच वादीने (बारीक पट्टीने) शिवलेली असते. त्यामुळे साध्या आरीने जुन्याच भोकांतून मार्ग मोकळा करा, वादी ओली करून ओवा, सोल्यूशन आणि चुका दोन्ही लांब ठेवा. पट्ट्याला कातडं घेताना हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं मागा. क्रोमच्या रसायनात कमावलेलं मऊ कातडं घेतलंत तर कडा घासून चकाकी येत नाही, आणि ती इस्त्री गॅलरीतच राहील.