चर्चा: स्थिर चौकट की उसळता कॅमेरा? ताम्हाणे, मंजुळे आणि 'साबर बोंडं'

चौकटवेडा:
रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. बहुतांश स्थिर चौकटी, पार्श्वसंगीत नाही. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंनी 'कोर्ट'मध्ये (२०१४) हीच वाट धरली होती. तिथे न्यायाधीश, वकील, पोलीस आणि पुढच्या खटल्याची वाट बघणारे लोक एकाच रुंद चौकटीत दिसतात. लोकशाहीर नारायण कांबळेंवर आरोप काय, तर त्यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं आत्महत्या केली! एवढा भयंकर आरोप, पण कॅमेरा कुणाच्याही चेहऱ्यावर झेपावत नाही. कुठे बघायचं ते प्रेक्षकानं ठरवायचं. नागराज मंजुळे स्लो मोशन आणि वाद्यवृंद वापरून भावना आपल्या हातात आणून ठेवतात. मला पहिली वाट जास्त प्रामाणिक वाटते.

करमाळा_एक्सप्रेस:
साफ अमान्य. मंजुळेंच्या 'सैराट'ची (२०१६) रचनाच नीट बघा. अजय-अतुलची चारही गाणी पूर्वार्धात आहेत. पळून गेलेलं जोडपं हैदराबादला पोचल्यावर झोपडपट्टी, डोशाची गाडी, संशय, भांडणं. तिथे गाणं नाही. आणि शेवटी आईबापाच्या खुनानंतर बाळाची रक्ताळलेली पावलं उमटतात तेव्हा आवाजच काढून घेतलाय. आधी कान संगीतानं भरले म्हणूनच ती शांतता अंगावर येते. पूर्वार्ध कोरडा ठेवला असता तर शेवट बातमीसारखा वाटला असता.
आणि स्लो मोशन ताम्हाणेंनाही वर्ज्य नाही. 'द डिसायपल'मध्ये (२०२०) शास्त्रीय गायक होऊ पाहणारा शरद रात्री मोटारसायकलवरून जातो ते काय आहे?

चौकटवेडा:
तिथे त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचा ध्वनिमुद्रित आवाज त्याच्याकडे त्याग मागतोय, आणि तो रिकाम्या रस्त्यावर तरंगत चाललाय. ऐकू येतं त्याचा भार आणि दिसतं त्याचा हलकेपणा, यांतली फट महत्त्वाची. 'सैराट'मध्ये चित्र आणि संगीत एकच गोष्ट सांगतात.

ट्रायपॉड_१७२:
तंत्राकडून थोडं, कारण लघुपट करणारे यातून चुकीचा धडा घेतात. कॅमेरा तिवईवर लावून दोन मिनिटं थांबलं की 'कोर्ट' होत नाही. लांब रुंद शॉटमध्ये संकलकाला लपायला जागा नसते. क्लोजअप घेतलेलाच नसेल, तर तिसऱ्या टेकमधला चुकलेला संवाद पाचव्या टेकमधून उचलून झाकणार कशानं? म्हणून मागच्या प्रत्येक माणसाला काम द्यावं लागतं: कोण कधी उठेल, फाईल कोण नेईल, दार कधी वाजेल. निदान दोन थरांत काही घडत नसेल तर चौकट मरते.
आवाजाचं दुखणं वेगळंच. रुंद चौकटीत बूम माइक (लांब काठीवरचा) जवळ येत नाही, कपड्यांत लपवलेले माइक लावावे लागतात, मग सळसळ येते. पंखे बंद करा आणि खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट वेगळा घ्या, नाहीतर दोन शॉट जोडताना सांधा ऐकू येतो.
स्लो मोशनही फुकट नाही. सेकंदाला २४ऐवजी ९६ चित्रं घेतली की उजेड दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट लागतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते आणि ९६ला चित्र लुकलुकतं. १०० ठेवलं तर बहुतेकदा निभावतं. साध्या २४ला शटर १७२.८ अंशांवर ठेवा, म्हणजे प्रत्येक चित्राला १/५० सेकंद उजेड मिळतो आणि लुकलुक टळते.

करमाळा_एक्सप्रेस:
दोन थरांचा मुद्दा पटला, आणि तो मंजुळेंच्याच 'फँड्री'लाही (२०१३) लागू आहे. डुक्कर पकडता पकडता शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि खालच्या मानलेल्या जातीतल्या जब्याचं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. तिथलं थांबणं शैलीतून आलेलं नाही, कथेनं लादलेलं आहे. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्याकडे. प्रेक्षकानं कुठे बघायचं ते निवडावं, हे तुमचं स्वातंत्र्य मंजुळे मुद्दाम हिरावून घेतात. जातीच्या प्रश्नात दुरून बघायची मुभा ज्याला आहे, तो आधीच सुरक्षित आहे.

चौकटवेडा:
पण 'कोर्ट' ती सुरक्षितताच दाखवतो. सरकारी वकील नूतन लोकलनं घरी जाते, स्वयंपाक करते, सुट्टीत कुटुंबासोबत परप्रांतीयांविरुद्धचं नाटक बघून हसते. क्लोजअप आणि सूचक संगीत टाकलं की ती खलनायिका होईल आणि आपण सुटू. रुंद चौकटीत ती आपल्याच घरातली वाटते. दगड खाल्लेला प्रेक्षक निदान आपण कुठल्या बाजूला उभे आहोत ते ओळखतो. नूतनसोबत हसलेल्या प्रेक्षकाला ते ओळखायला वेळ लागतो, आणि मला तो वेळ हवा आहे.

करमाळा_एक्सप्रेस:
तो वेळ तुम्हाला परवडतो. जब्याला नाही.