आईबाबांसोबत ग्रीस: तीन ठिकाणांची टूर घ्यावी की एकट्या क्रीटची?

रानजाई

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. सप्टेंबरच्या शेवटी, म्हणजे गणपती झाले की, आईबाबांना घेऊन ग्रीसला जायचं ठरतंय. बाबा ७१, आई ६६. आईचे गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर ती तासभर आरामात चालते पण पायऱ्या आल्या की हात धरावा लागतो. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. ऑफिस सांभाळून सगळं बुकिंग स्वतः करणं मला जमणार नाहीये त्यामुळे ग्रुप टूरच घेणार हे नक्की.

दोन टूर समोर आहेत. पहिली बहुतेक जण घेतात ती, अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी, प्रत्येक ठिकाणी दोन रात्री, मधला प्रवास बोटीने, रोज रात्री इंडियन डिनर. दुसरी एका छोट्या कंपनीची आहे, सगळी टूर क्रीट बेटावरच, "हेराक्लिऑनजवळ" चार रात्री आणि हानियाला तीन रात्री, फिरणं बसने, नाश्ता आणि रात्रीचं जेवण हॉटेलात, दुपारचं आपलं आपण बघायचं. पैशात फारसा फरक नाही. बाबांना इतिहासाची प्रचंड आवड, ते क्रीट म्हटल्यावर लगेच खुलले. पण आईच्या भिशीतल्या सगळ्या मैत्रिणींनी तिला सँटोरिनीची पांढरी घरं दाखवून ठेवलीयेत, तिच्या मनात तेच आहे. कोणी दोन्हीपैकी काही केलं असेल तर खरंखुरं सांगा प्लीज, ब्रोशर तर मी पाठ केलंय.

गोदाकाठ

आम्ही दोघं तुमच्या पहिल्या पर्यायासारखीच टूर करून आलो. कंपनीचं नाव नको, आणि टूर वाईट होती असंही नाही, पण तुम्ही गुडघ्यांचं म्हणालात म्हणून बोटीचा भाग नीट सांगतो. ब्रोशरमध्ये "क्रूझने सँटोरिनीकडे प्रस्थान" असं लिहितात. ती क्रूझ नसते, रोजची प्रवासी बोट असते, बंदरात थोडी मिनिटं थांबते आणि पुढच्या बेटाला निघते. धक्का जवळ आला की सगळ्यांना बॅगा घेऊन खाली गाड्यांच्या मजल्यावर यायला सांगतात, तिथे डिझेलचा वास, इंजिनाचा आवाज, रॅकवरची आपली बॅग आपणच शोधून काढायची, मग मागचा मोठा दरवाजा साखळ्यांवर खाली यायला लागतो आणि तो पूर्ण टेकायच्या आधीच माणसं पुढे सरकायला लागतात. उतरणारे, चढणारे, ट्रक, मोटारी सगळे त्याच एका उतारावरून. आमच्यातल्या एका आजींना तिथे धक्का लागला, पडल्या नाहीत हे नशीब. टूर मॅनेजर एकटा, तो बिचारा माणसं मोजणार की बॅगा उचलणार?

सँटोरिनीत फिरा आणि ईया ही कड्यावरची दोन गावं बघायची असतात, बस दोन्हीकडे गावाच्या कडेला सोडते. ईयाचा मुख्य रस्ता संगमरवरी फरशांचा आणि बऱ्यापैकी सपाट आहे, तिथे काकू नक्की चालतील. पण ते निळ्या घुमटांचे फोटो जिथून निघतात ती जागा, आणि सूर्यास्त बघायचं किल्ल्याचं टोक, सगळं पायऱ्यांचं, आणि संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. मिकोनोसमध्ये काकाकाकूंसाठी काय आहे हे मला तरी दिसलं नाही. गल्ल्या सुंदर आहेत, पवनचक्क्या बघितल्या, संपलं.

सगळ्यात आवडलेली जागा अक्रोतिरी, तुमच्या टूरमध्ये आहे का बघा. इसवीसनापूर्वी १६०० च्या आसपास ज्वालामुखी फुटला त्याच्या राखेखाली गाडलं गेलेलं अख्खं गाव, १९६७ पासून तिथे खोदकाम चालू झालं. दुमजली घरं, जिने, रांजण जिथल्या तिथे. वर छप्पर आहे, आत फिरायला केलेली वाट आहे, सावलीत निवांत बघता येतं.

तेजूची_आई

मी वेगळं मत देते. माझ्या आईला तीन ठिकाणांच्या टूरमध्ये फार मजा आली, कारण ग्रुप मराठी होता, बसमध्ये गाणी, रोज रात्री वरण भात पोळी, बरोबरीच्या बायका भेटल्या आणि त्यांची अजून फोनाफोनी चालते. वयस्कर माणसांना सोबत कोण आहे हे फार महत्त्वाचं असतं. क्रीटच्या टूरला किती जण आहेत आणि कोणत्या वयाचे हे आधी विचार, नाहीतर सगळी हनिमूनची जोडपी निघाली तर काकूंना करमणार नाही.

डेल्फ्टवासी

तेजूची_आई, सोबतीचं अगदी बरोबर. पण तरी मी क्रीटच म्हणेन.

मी नेदरलँड्सला असते, आम्ही इथल्या एका ग्रुपबरोबर क्रीट केलं, सासूबाई सोबत होत्या, शाकाहारी, त्यामुळे जेवणाचं आधी सांगते. ग्रीसमध्ये ऑर्थोडॉक्स लोक वर्षात बरेच उपास करतात, त्यात मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही, म्हणून तव्हेर्नात, म्हणजे तिथल्या साध्या खानावळीत, "निस्तिसिमो" म्हणजे उपासाचं काय आहे विचारलं की वेटर लगेच चार पदार्थ सांगतो. फक्त एक लक्षात ठेवायचं, त्यांच्या उपासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात! म्हणून सीफूड नको हे वेगळं सांगायचंच. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं आपल्या घट्ट वरणासारखं, वर कच्चा कांदा, लिंबू, ऑलिव्ह ऑइल, सासूबाईंनी रोज तेच मागवलं. गिगांतेस म्हणजे मोठ्या पांढऱ्या वालासारख्या बिया टोमॅटोच्या रस्श्यात. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि सिमला मिरची, कधीकधी त्यात खिमा असतो म्हणून विचारून घ्यायचं. होर्ता म्हणजे रानातला पाला उकडून त्यावर लिंबू. दूध चालत असेल तर दाकोस घ्या, जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि चीज. जेवण झालं की बिल न लावता फळं किंवा काहीतरी गोड आणि छोट्या बाटलीत राकी, म्हणजे तिथली कडक दारू, आणून ठेवतात, राकी नको असेल तर हसून नाही म्हणायचं, कोणी वाईट वाटून घेत नाही. हॉटेलच्या रात्रीच्या बुफेत भात असतो, मेतकूट सोबत ठेवा.

आता बघायचं काय. क्रीट चांगलं २६० किलोमीटर लांब आहे, मधे जवळजवळ अडीच हजार मीटर उंचीचे डोंगर, त्यामुळे मुक्काम हेराक्लिऑन आणि हानिया असा तोडून ठेवलाय हे ज्याने केलं त्याला बेट कळलंय. सातही रात्री एकाच ठिकाणी ठेवतात त्या टूरमध्ये निम्मा दिवस बसमध्येच जातो.

क्नोसोस, म्हणजे क्रीटमधल्या प्राचीन मिनोअन लोकांच्या राजवाड्याचे अवशेष, हेराक्लिऑनपासून ५ किलोमीटरवर. सकाळी उघडतं तेव्हाच पोचायला हवं, सावली फार कमी आहे, आणि ऊन चढलं की शहरातल्या म्युझियममध्ये जायचं. बाबांना एक आधीच सांगून ठेव, ते लाल रंगाचे खांब आणि मजले दिसतात ते बरेचसे आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९०० पासून खोदकाम केलं त्यानंतर काँक्रीटमध्ये उभे केलेले आहेत, भिंतीवरची चित्रं नकला आहेत, अस्सल तुकडे म्युझियममध्ये. त्यावरून अभ्यासकांचे अजून वाद चालतात. मला स्वतःला ते उभं केलंय ते आवडलं, नुसत्या जोत्यांवरून सासूबाईंना काहीच कळलं नसतं. आवारात मोर फिरतात, आईला आवडतील. आणि म्युझियममध्ये मालिया गावाजवळ सापडलेलं सोन्याचं पदक शोधाच, दोन बोटांत मावेल एवढंसं, दोन मधमाश्या समोरासमोर, पायांत मधाचा थेंब धरलेला, त्यावरचे रवे इतके बारीक की काचेला नाक लावून बघावं लागतं. सोनारकामाची जाण असणाऱ्या कुठल्याही बाईला तिथून हलवणं कठीण आहे.

पण माझ्यासाठी क्रीट म्हणजे स्पिनालोंगा, किनाऱ्याजवळचं एक छोटं बेट. प्लाका गावातून बोटीने दहाएक मिनिटं, एलुंडाहून थोडं जास्त. व्हेनिसच्या लोकांचा जुना किल्ला, १९०३ पासून १९५७ पर्यंत तिथे कुष्ठरोग्यांची वसाहत होती. घरच्यांपासून तोडून माणसं आणून सोडायचे, समोर गाव दिसतंय पण जाता येत नाही. १९३६ मध्ये रेमुंडाकिस नावाचा कायद्याचा विद्यार्थी रुग्ण म्हणून तिथे आला आणि त्याने रुग्णांची संघटना उभी केली, घरांना चुना लावला, रस्ते झाडायची व्यवस्था केली, नाटकं बसवली. आज त्या गल्लीतून चालताना दुकानांच्या लाकडी फळ्या, खिडक्या दिसतात. सासूबाई चंद्रपूरकडच्या, लहानपणापासून आनंदवनात जाऊन आलेल्या, गाइड सांगत होती ते मी मराठीत सांगायच्या आधीच त्यांना उमगत होतं. वरोऱ्याला बाबा आमटे आनंदवन उभं करत होते त्या काळात ही वसाहत अजून चालू होती, हे त्यांनीच ग्रुपमधल्या डच लोकांना माझ्यामार्फत सांगितलं आणि मग सगळे त्यांनाच प्रश्न विचारत बसले. खालची मुख्य गल्ली काकूंना जमेल, वरच्या तटाकडे जाऊ नका, दगड निसरडे आहेत. टोपी आणि पाणी हवंच.

सामारिया दरी टूरमध्ये "ऑप्शनल" असेल तर तो दिवस हानियात काढा. ती १६ किलोमीटरची उतरण आहे, गुडघ्यांसाठी नाहीच.

वाटाड्या

बरीच वर्षं युरोपचे ग्रुप नेले, आता ते काम करत नाही त्यामुळे मोकळेपणाने सांगतो. टूर मॅनेजर घाई करतो म्हणून लोक चिडतात, त्यामागे बहुतेक वेळा ड्रायव्हरचे तास असतात. युरोपात ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबायलाच लागतं, दिवसाला साधारण ९ तास चालवायची मर्यादा, रात्रीची विश्रांती सक्तीची. म्हणून ज्या टूरमध्ये दिवसाला चार-चार ठिकाणं कोंबलेली असतात तिथे प्रत्येक ठिकाणी तुम्हाला वीस मिनिटं मिळणार. आयटिनररी हातात घ्या आणि प्रत्येक ओळीला विचारा, इथे उतरून बघायचं आहे की बसमधून? "ओरिएंटेशन टूर" आणि "पॅनोरमिक" लिहिलं असेल तर बसमधून.

ग्रीसमध्ये पुरातत्त्व स्थळांवर माहिती द्यायला लायसन्स असलेली गाइडच लागते, आपला मॅनेजर आत बोलू शकत नाही. तर क्नोसोसला लोकल गाइड आणि तिकीट धरलंय का ते लेखी घ्या. "हेराक्लिऑनजवळ" म्हणजे नक्की कुठे? तो हेर्सोनिसोस असू शकतो, २५ किलोमीटर लांब, रात्रभर पब चालू असलेलं गाव. हॉटेलचं नाव मागा, "किंवा तत्सम" चालणार नाही असं सांगा.

ग्रीसमध्ये हॉटेलवर सरकारी कर लागतो, एप्रिल ते ऑक्टोबर ४ स्टारला एका खोलीमागे रात्रीला १० युरो, ५ स्टारला १५, आणि तो बऱ्याच पॅकेजमध्ये धरलेला नसतो, काउंटरवर भरायला लावतात. सात रात्रींचा हिशोब तुम्हीच करा. बाथरूममध्ये कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, पाइप अरुंद असतात, हे आईबाबांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

व्हिसा शेंगेन, फी ९० युरो, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा हवा. बाबा सत्तरीपुढचे आहेत म्हणून त्यांची पॉलिसी कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवर सोडू नका, आधीच्या आजारांचं काय ते वाचून वेगळी घ्या. मे-जूनमध्ये अपॉइंटमेंट मिळत नाहीत, एप्रिलमध्येच कामाला लागा. आणि हो, कोणी दिवाळीच्या सुट्टीत ढकलायचा विचार करत असेल तर नको, ऑक्टोबर संपला की समुद्राकाठची बरीच हॉटेलं बंद होतात आणि बोटी कमी होतात. सप्टेंबरअखेर एकदम योग्य वेळ धरलीये तुम्ही, पाणीही कोमट असतं.

रानजाई

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. स्पिनालोंगाचं वाचून दाखवलं, बाबांनी क्रीटच असं जाहीर केलंय आणि मोराचं ऐकून आईही अर्धी तयार झालीये. कंपनीला फोन केला, ग्रुप बावीस जणांचा आहे आणि बरेचसे पन्नाशीच्या पुढचे. एकच विचारायचं राहिलं, ते म्हणतात हेराक्लिऑनहून सँटोरिनीची एका दिवसाची सहल जास्तीचे पैसे देऊन करता येईल. आईसाठी ती करावी का?

वाटाड्या

नका करू. जलद बोटीला जायलाच दोनेक तास, यायला तेवढेच, वारा असेल तर बोट जोरात आदळते आणि फारच असेल तर रद्द होते. वर गोदाकाठ यांनी सांगितलेलं बंदरातलं सगळं एका दिवसात दोनदा. हातात उरतात पाच-सहा तास, तेही ऐन दुपारचे आणि क्रूझच्या गर्दीतले.

आईची इच्छा खरी असेल तर तिला पूर्ण न्याय द्या. ग्रुपच्या दोन-तीन दिवस आधी निघा, अथेन्सहून सँटोरिनीला विमानाने जा, पाऊण तासाचा प्रवास आहे. मुक्काम फिरा-ईयात न करता कामारीला करा, काळ्या वाळूचा किनारा, सपाट रस्ता, जिने नाहीत. हॉटेलला सांगून गाडी घ्या आणि ईयाला सकाळी आठलाच जा, तेव्हा गल्ल्या रिकाम्या असतात आणि आईला हवे ते फोटो निवांत निघतील. मग एकदाच बोटीने हेराक्लिऑनला उतरून ग्रुपला जोडून घ्या.

गोदाकाठ

वाटाड्या यांना दुजोरा. आणि फिरामध्ये प्रागैतिहासिक थिराचं (थिरा म्हणजे सँटोरिनीचंच नाव) म्युझियम आहे, छोटं आहे, तासात होतं, तिथे अक्रोतिरीतून आणलेलं निळ्या माकडांचं भित्तिचित्र बाबांना नक्की दाखवा. काही संशोधकांनी शेपट्या कशा धरल्यात त्यावरून ही आपल्याकडची वानरं, लंगूर, असल्याचं मांडलंय. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वी ते चित्र काढणाऱ्याने किंवा त्याला शिकवणाऱ्याने आपल्या बाजूची वानरं कुठेतरी पाहिली असणार, मला तर तिथून निघवेना.

वाटाड्या

फक्त कंपनी विमानाशिवायचं लँड पॅकेज देते का आणि हेराक्लिऑनला तुम्हाला थेट हॉटेलवर घेईल का हे तिकिटं काढायच्या आधी ईमेलवर लिहून घ्या, आणि व्हिसाच्या अर्जात सँटोरिनीच्या रात्रींचं बुकिंगही जोडा, तारखा ग्रुपच्या पत्राशी जुळल्या नाहीत तर अर्ज अडकतो.