दोन चौकटींमधल्या जागेला 'धुरा' म्हणावं का?

दुधनाकाठ
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी मोठ्या माणसांच्या कॉमिक्सवर लेख लिहायलेय. 'माउस', 'पर्सेपोलिस', आपल्याकडची बाबासाहेब आंबेडकरांवरची 'भीमायन' यांच्याबद्दल. एका शब्दाशी अडले. पानावर एक चौकट संपते नि दुसरी सुरू होते, त्या मधल्या कोऱ्या पट्टीला इंग्रजीत 'गटर' म्हणतात. ते मराठीत तसंच ठेवलं तर गटारच डोळ्यांपुढं येतं. मी 'धुरा' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'मधली जागा' केलं आणि बाजूला लिहिलं, 'धुरा म्हणजे जबाबदारी. इथे अर्थ लागत नाही.'

माझ्यासाठी ही पट्टी म्हणजे लेखाचा गाभा आहे. कॉमिक्सकार स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 च्या पुस्तकात ती उलगडून दाखवलीय. एका चौकटीत माणूस कुऱ्हाड उगारून उभा. पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि किंकाळी. घाव कुठल्याच चौकटीत काढलेला नाही. तो वाचणारा घालतो, त्या कोऱ्या पट्टीत. 'मधली जागा' म्हणलं की तिथं काही घडतंय असं वाटतच नाही. आमच्याकडं दोन वावरांच्या मधल्या पट्टीला धुरा म्हणतात, हे मराठवाड्यातल्या लेकरालाही माहीत आहे. तुमच्या भागात कसं?

बालाघाटी
ताई, शंभर टक्के धुराच. आमच्या बीडकडं 'धुऱ्यावरून भांडण' हे दर गावात एक तरी असतंय. आता थोडा फरक सांगतो. बांध घालावा लागतो, माती ओढून, पाणी अडवायला. धुरा घालत नाहीत, तो राहू देतात. दोघांच्या नांगरांनी सोडलेली पट्टी म्हणजे धुरा. त्यावर गवत येतं, बोरी-बाभळी येतात, माणसं त्यावरूनच पलीकडं जातात. चित्रकार ती पट्टी काढत नाही, सोडतो. म्हणून बांध नको, धुराच बरोबर.

पेठेतला वाचक
संपादकांची बाजू मांडतो. प्रमाण मराठीत 'धुरा' स्त्रीलिंगी आहे, 'पक्षाची धुरा सांभाळली' असं आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. गाडीच्या जुवाशी त्याचं नातं आहे. दिवाळी अंक सावंतवाडीपासून सोलापूरपर्यंत वाचला जातो. तिथल्या वाचकाला 'चौकटींचा धुरा' म्हटल्यावर थांबावं लागेल. पारिभाषिक शब्दाने वाचकाला थांबवू नये असं माझं ठाम मत आहे. 'अवकाश' घ्या. चित्रकलेत रुळलेला शब्द आहे.

बालाघाटी
'तो धुरा' आणि 'ती धुरा' हे दोन वेगळे शब्द आहेत, लिंगावरूनच कळतंय. संपादकांना एक माहीत, दुसरा माहीत नाही, म्हणून दुसरा चूक ठरत नाही. आणि वाचक थांबला तर थांबू द्या की. कोकणातल्या लेखकानं 'खळं', 'परसू', 'मळा' लिहिलं तर आम्ही थांबतोच ना? आम्ही शिकतो. आमचेच शब्द काऊन खोडायचे?

मांजरातीर
दोन्ही शब्द मुळात एकच असतील असं मला वाटतं. औताला जुंपलेले बैल तास, म्हणजे औताची ओळ, संपल्यावर जिथं वळतात ती शेताची कड. जू तिथं फिरतं. जुवावरून कडेला नाव पडलं असावं. माझे आजोबा 'धुऱ्याला लागलं' म्हणायचे, म्हणजे कुळवाची पाळी कडेपर्यंत आली. विदर्भात शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, गाडी हाकणाऱ्याला 'धुरकरी' म्हणतात तेही याच घरातलं. ही माझी जुळणी आहे, कोशाचा आधार नाही, पण बैल वळताना ज्यांनी पाहिलेत त्यांना पटेल.

पेठेतला वाचक
अशी जुळणी कुठल्याही दोन शब्दांची करता येते. कोशाचा आधार हवाच.

खडकी
आमच्या घरात उर्दू-मराठी दोन्ही चालते, म्हणून वेगळे सुचवते. पानाच्या कडेला उर्दूत 'हाशिया' म्हणतात, मराठीत 'समास'. पण दोन ओळींच्या मध्ये जे असते त्याला 'बैनस्सुतूर' असा फार सुंदर शब्द आहे. लिहिलेले नाही तरी वाचायचे, असे काही त्यात असते. अब्बा एखाद्याचे पत्र मोठ्याने वाचताना मध्येच थांबून म्हणायचे, 'बैनस्सुतूर देखो.' दुधनाकाठ ताई कुऱ्हाडीचे जे सांगतात ते नेमके हेच. शब्द जड आहे, मराठीत चालणार नाही, हे मान्य. पण नुसते अंतर दाखवणारा शब्द पुरणार नाही, एवढे यावरून कळते.

दुसरे. 'भीमायन'ला धुरा लावताच येणार नाही. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी पात्रांना चौकटीत कोंडायला नकार दिला, आमची कला खुली आहे असे त्यांनी पुस्तकातच सांगितले आहे. तिथे पान दिग्न्याच्या वळणदार पट्ट्यांनी भागलेले आहे. घरांच्या भिंतींवर काढतात ती ही नक्षी. म्हणजे मधली जागा कोरी नाहीच, तीच चित्र आहे. बोलण्याचे फुगेही अर्थ घेऊन येतात. प्रेमळ बोलणे पक्ष्याच्या आकारात, विखारी बोलण्याला विंचवाची नांगी. तुमच्या लेखात 'भीमायन' असेल तर एकच शब्द सगळीकडे लावू नका.

दुधनाकाठ
खडकी, हे मोलाचं आहे. 'भीमायन'मध्ये दौलताबादचा प्रसंग आहे. 1934 साली बाबासाहेब आणि सोबतचे लोक किल्ला पाहायला गेले, हातपाय धुवायला टाक्याचं पाणी घेतलं, आणि टाकं बाटवलं म्हणून गर्दी अंगावर आली. मी हा प्रसंग वर्गात दाखवला तेव्हा औरंगाबादहून रोज ये-जा करणारी मुलंही गप्प बसून राहिली. किल्ला त्यांनी सहलीत पाहिलेला, हे ऐकलेलं नव्हतं. तिथं कोरी पट्टी नाही हे खरं. पण एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना वाचणारा जे भरतो त्याला तरी नाव हवंच.

शब्दवेडी लातूर
मला मूळ अडचण वेगळीच दिसते. तुम्ही या पुस्तकांना काय म्हणणार? 'मोठ्या माणसांची कॉमिक्स' असं लेखभर लिहिता येणार नाही. 'प्रौढांसाठी' म्हणलं की सिनेमाचं प्रमाणपत्र आठवतं, नाहीतर रात्रीचे साक्षरतेचे वर्ग. 'वयस्क' हिंदीतून येतोय, मराठीत तो म्हातारा माणूस. आमच्या गावच्या एका वाचनालयात 'माउस' बालविभागात लावलेलं मी पाहिलंय. मुखपृष्ठावर उंदीर, मग लेकरांचंच. आत नाझी छळछावण्या. स्पीगलमन यांच्या वडिलांची हकीकत आहे ती, ज्यू उंदीर आणि जर्मन मांजर दाखवलेत. 1992 मध्ये त्याला विशेष पुलित्झर मिळालं. योग्य नाव नसलं की पुस्तक चुकीच्या मांडणीवर जातं आणि चुकीच्या हातात पडतं, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं.

पेठेतला वाचक
'प्रौढ' या शब्दावर अन्याय करू नका. 'प्रौढप्रतापपुरंदर' म्हणताना कुणाला साक्षरता वर्ग आठवतो का? 'प्रौढ चित्रकादंबरी' हा शुद्ध आणि अर्थपूर्ण शब्द आहे.

मांजरातीर
चित्रकादंबरीला माझा विरोध आहे. 'माउस' कादंबरी नाही, ती खरी घडलेली हकीकत. 'पर्सेपोलिस' हे मरजान सत्रापी यांचं इराणमधलं बालपण. इंग्रजी नावच मुळात चुकलंय. अमेरिकेतले कॉमिक्सकार विल आयस्नर यांच्या 1978 च्या ज्या पुस्तकामुळं 'ग्राफिक नॉव्हेल' हे नाव सगळीकडं झालं, त्यात चार स्वतंत्र कथा आहेत! ते नाव तरी त्यांनी कुठं पहिल्यांदा काढलं? 1964 पासून छापलेलं सापडतं. पुस्तकांच्या दुकानदारांना कॉमिक्स म्हणलं की नको वाटायचं म्हणून ते नाव पुढं चाललं. त्यांची चूक आपण तत्सम करून डोक्यावर कशाला घ्यायची?

बालाघाटी
मग सरळ 'कॉमिक्स' म्हणा की. लोक म्हणतात तेच. आम्ही लहानपणी एस.टी. स्टँडवर वेताळाचं इंद्रजाल घ्यायचो, त्याला कॉमिक्सच म्हणायचो, कुणी चित्रकथा म्हणलेलं मला तरी आठवत नाही. भाषा लोकांच्या तोंडून येते. धुराही तोंडातला, कॉमिक्सही तोंडातला. दोन्ही ठेवा.

पेठेतला वाचक
म्हणजे गावचा शब्द असला की चालतो, इंग्रजी असला तरी चालतो, फक्त प्रमाण मराठी चालत नाही. हे मला मान्य नाही. जपानमध्ये चित्रकार तात्सुमी योशिहिरो यांना 'मांगा' (तिकडची कॉमिक्स) म्हटलं की लहान मुलांचं वाटतं असं दिसलं, तेव्हा 1957 मध्ये त्यांनी 'गेकिगा' असा नवा शब्द घडवला. नाट्यमय चित्रं. लोकांच्या तोंडून येण्याची वाट पाहिली नाही. आपणही घडवू शकतो.

बालाघाटी
त्यांनी आधी तशा गोष्टी काढल्या, मग नाव दिलं. आपल्याकडं मराठीत किती जण काढायलेत? इटलीत बघा, कॉमिक्सला बोलण्याच्या फुग्यांवरून 'फुमेत्ती' म्हणतात, म्हणजे धुराचे लोट. स्पेनमध्ये एका मासिकाच्या नावावरून 'तेबेओ' पडलं. समिती कुठं बसली होती?

गोदातीर
उशिरा आलो, क्षमा असावी. तुम्ही सगळे बाहेरचे दाखले देताय आणि आपल्या दारातलं विसरताय. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास'मध्ये 'चित्रकथक' आहे, चित्रं दाखवत गोष्ट सांगणारा. तो ग्रंथ कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातला, आपल्या सीमेला लागून. चित्रकथी परंपरेतल्या चित्रांच्या एका शैलीला आमच्या पैठणचं नाव आहे. मोठे डोळे, बाजूने दिसणारे चेहरे. ही परंपरा चालवणारे चित्रकथी ठाकर ती चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवतात, एका गोष्टीचा संच बांधून ठेवतात, आणि त्या संचाला 'पोथी' म्हणतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला आजही हाच शब्द आहे. ज्या भाषेत चित्रांच्या गोष्टीला शतकानुशतकं नाव आहे, तिला 'ग्राफिक नॉव्हेल'साठी हात का पसरावे लागतात हे मला कळत नाही. 'चित्रपोथी' म्हणा.

शब्दवेडी लातूर
'पोथी' म्हणलं की लोक सोवळं आठवतात, दादा. पारायण, उदबत्ती. 'पर्सेपोलिस'मध्ये सक्तीच्या हिजाबाविरुद्ध बोलणारी मुलगी आहे, तिच्या पुस्तकाला पोथी कसं म्हणायचं? ज्योतीबांच्या 'गुलामगिरी'वर 2011 मध्ये इंग्रजीत चित्रमय पुस्तक आलंय. त्याला पोथी म्हणलेलं मला तरी आवडणार नाही. ज्योतीबांनी पोथ्यांवरच आसूड ओढलाय.

गोदातीर
चित्रकथी ठाकर काही भट नव्हते, ताई. पोथीवर एका वर्गाची मालकी आहे असं धरून चाललो तर शब्द त्यांनाच देऊन टाकल्यासारखं होईल. महानुभावांच्याही पोथ्याच होत्या, त्यात सोवळं कुठं होतं?

मांजरातीर
हे पटतंय. पण 'चित्रकथा' शब्दात हे सगळं आहेच की.

शब्दवेडी लातूर
'चित्रकथा' म्हणलं की 1967 पासूनची अमर चित्र कथा आठवते. पुन्हा लेकरंच.

खडकी
चौकटीवाल्या लोकांना एक विनंती. अजिंठ्याच्या सतराव्या लेणीत उभे राहून पाहा. तिथे गोष्ट काळाच्या क्रमाने जात नाही, जागेच्या क्रमाने जाते. राजवाड्यात घडणारे सगळे एकत्र, अरण्यात घडणारे सगळे एकत्र, एकच माणूस त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो. मध्ये रेघ नाही. एखादा खांब, एखादे झाड, पाठ फिरवून उभा असलेला माणूस, तिथे प्रसंग बदलतो. उलट वेरूळच्या कैलासात रामायण आडव्या ओळींत कोरले आहे, तिथे प्रत्येक ओळ पट्टीने वेगळी केली आहे. ताई, लेखात या दोन भिंती शेजारी ठेवा. कैलासातल्या पट्टीला धुरा म्हणता येईल. अजिंठ्याला नाही.

दुधनाकाठ
हे मी लेखात घेणार आहे. पण मंडळी, संपादकांना उत्तर उद्यापर्यंत द्यायचंय. धुरा ठेवू की सोडू?

बालाघाटी
ठेवा. खाली एक ओळ टीप द्या, बस.

पेठेतला वाचक
टीप द्यावी लागते तो शब्द पारिभाषिक म्हणून अपुरा आहे, असं मी पुन्हा नोंदवतो. 'अवकाश' लिहा.

मांजरातीर
'अवकाश'मध्ये पृथ्वीबाहेरचं जग येतं, यान येतं. त्याला टीप लागणार नाही का? बरं, आणखी एक. चौकटीला तरी चौकट का म्हणायचं? आमच्या माळवदाच्या घरात दोन तुळयांमधल्या जागेला 'खण' म्हणतात, 'पाच खणाचं घर' असं मोजतात. पानही खणांत मोजता येईल. सहा खणांचं पान.

शब्दवेडी लातूर
खण म्हणलं की लुगड्याबरोबरचा खण, ओटीचा खण. कपाटाचा खण वेगळाच.

गोदातीर
माळवदाचा खण आणि चोळीचा खण एकाच मुळातून आले की नाही, हे कुणाला सांगता येईल का? आमच्याकडं गवंडी लोक 'खण' आणि 'खणी' वेगळं करतात असं ऐकलंय. जालन्याकडचं कुणी आहे का इथं?