जुनी यामाहा आर१५ बाइक घेतली आहे, आधी काय काय करून घेऊ? (नाशिक)

सिडकोकर
नमस्कार मंडळी. नुकतीच यामाहा आर१५ व्ही३ घेतली. २०१८ची, एमएच १५ पासिंग, मीटरवर ३१ हजार. धूर नाही, इंजिनाचा आवाज स्वच्छ आहे, मोकळ्या रस्त्यावर सुरेख पळते. तीन गोष्टी मात्र खटकतात.

गार असताना काही तक्रार नाही. द्वारका चौकाच्या गर्दीत तापली की आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, धडधडते आणि सिग्नलला क्लच दाबून थांबताना बंद पडते. सेल्फ मारला की लगेच चालू. चेक इंजिन लाइट लागत नाही. दुसरं, पुढचा ब्रेक जोरात दाबला की हँडल थरथरतं. तिसरं, हळू चालवताना चेन खडखडते.

आधीच्या मालकाने बाहेरचा सायलेन्सर आणि धुऊन वापरायचा एअर फिल्टर लावला होता, मूळचे दोन्ही सोबत दिलेत. एका गॅरेजात सांगितलं इंजेक्टर बदला, दुसरीकडे सांगितलं क्लच प्लेट टाका. खर्चाची तयारी आहे, पण तो योग्य जागी व्हावा. वणीमार्गे सापुताऱ्याला जायचा बेत आहे. कुठून सुरुवात करू?

इंजिनवेडा
अभिनंदन, गाडी चांगली निवडलीत. इंजेक्टर आणि क्लच प्लेट दोन्ही आत्ता राहू द्या. क्लच प्लेट गेली असती तर चढाला आरपीएम (इंजिनाचे फेरे) वाढला असता आणि गाडी ओढली नसती. तुमची तर मोकळी पळते म्हणताय.

जुन्या गाडीचा माझा नियम एकच: आधी तिला कंपनीतून निघाली तशी करा, मग दोष शोधा. म्हणजे पहिलं काम, मूळचा सायलेन्सर आणि मूळचा फिल्टर परत बसवा. या गाडीचं पेट्रोल ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मोजून देतो, आणि ते मोजमाप कंपनीचा फिल्टर नि सायलेन्सर धरून बसवलेलं असतं. ऑक्सिजन सेन्सर नव्या सायलेन्सरला नीट बसला नसेल किंवा जोडावर हवा गळत असेल तर खालच्या आरपीएमला मिश्रण बिघडतं, आणि वर गाडी तरीही मस्त पळते. तुमचं लक्षण नेमकं तसंच आहे. शिवाय मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर पोलीस दंड करतात, तो त्रासही जाईल.

तेवढ्याने भागलं नाही तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून घ्या. तिच्यातल्या बटरफ्लायच्या, म्हणजे फिरत्या झडपेच्या, कडेला काळा थर बसला की आयडलची हवा अडते. थ्रॉटल बॉडी आणि इंजिन यांच्यामधला रबरी पाइप मात्र स्वतः हाताने वाकवून बघा. त्यावर बारीक चिरा असल्या किंवा क्लिप सैल असली तर गाडी तापल्यावरच नखरे करते. नवा प्लग टाका, आणि जुना फेकण्याआधी त्याचा रंग बघा. विटकरी-करडा असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय, काळा काजळलेला असेल तर जास्त होतंय. टॅपेटची, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळची, फटही मोजून घ्या, पण इंजिन पूर्ण गार असताना. कोमट इंजिनावर मोजणारा फिटर असेल तर तिथून गाडी परत आणा.

ऑइल, ऑइल फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल हे सगळं एकदम बदला आणि तारीख वहीत लिहून ठेवा. आधीच्या मालकाचा शब्द खरा असेलही, पण तुमचा हिशेब तुमच्या तारखेपासून सुरू झालेला बरा. ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं, दर दोन वर्षांनी. ते हवेतली ओल शोषतं, मग लांब घाटात ब्रेक तापला की लिव्हर मऊ पडतो.

गोदाकाठ
वरच्या दादांशी सहमत. मी हँडलबद्दल सांगते, कारण घाट उतरणार असाल तर ते सगळ्यात आधी व्हायला हवं.

गाडी उभी करून पुढचा ब्रेक घट्ट दाबा आणि हँडल मागेपुढे ढकला. दुसऱ्या माणसाला खालच्या प्लेट आणि फ्रेमच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. बोटाला टकटक लागली तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) सैल आहे. मग पुढचं चाक उचलून हँडल अगदी सावकाश, एका बोटाने फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं, म्हणजे सरळ रेषेत चाक आपोआप बसतंय असं वाटलं, तर कोनसेटच्या वाट्यांना खड्डे पडलेत. तो आवळून सुधारत नाही, बदलावाच लागतो. दोन्ही ठीक निघालं तर डिस्क वाकलीय का आणि चाकाची बेअरिंग खेळतेय का ते बघा. फोर्कच्या (पुढच्या शॉकच्या) पाइपवर तेलाची कड दिसते का? सील गळत असेल तर तेल पॅडवर उतरतं.

टायरच्या बाजूला डॉट (DOT) या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८चा २३वा आठवडा. तेच मूळचे टायर अजून असतील तर नक्षी कितीही शिल्लक दिसो, मी त्यावर घाट उतरणार नाही. रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं.

सिडकोकर
ताई, मधोमध अडकतंय. अगदी स्पष्ट जाणवलं. मागचा टायर ४५२१ आहे, पुढचा १८चाच. चेनचं काय करू?

इंजिनवेडा
मग कोनसेट आणि पुढचा टायर एकाच फेरीत उरकून घ्या. पुढचा १००/८०-१७, मापात बदल नको.

चेनसाठी मागच्या चक्राच्या (स्प्रॉकेटच्या) अगदी मागच्या टोकाला कडी धरून बाहेर ओढा. दाताचा अर्धा भाग उघडा पडला तर चेन संपली, आणि बदलताना पुढचं-मागचं चक्र धरून पूर्ण सेटच घ्या. नाहीतर चाक फिरवून ढिलाई चार-पाच जागी मोजा. एका जागी घट्ट आणि दुसरीकडे सैल असेल तर ॲडजस्ट नेहमी घट्ट जागी करायची. सैल जागी केलीत तर घट्ट जागा गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढत बसते. धुवायला केरोसीन आणि मऊ ब्रश. पेट्रोल किंवा तारेचा ब्रश नको, चेनच्या कड्यांत ओ-रिंग (रबरी चकत्या) असतील तर त्या खराब होतात.

रेडिएटरच्या जाळीत चिखल बसलाय का तेही बघा. त्र्यंबक रोडने पावसाळाभर फिरलेल्या गाड्यांत हमखास असतो. प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका, पत्र्याच्या पट्ट्या दुमडतात. गाडी उभी चालू ठेवून पंखा लागतो की नाही याची खात्री करा.

सातपूरवाला
या गाडीला किक नाही, म्हणून बॅटरीचं लिहितो. रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, गाडी चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. चार्जिंग बरोबर येतंय आणि सकाळी व्होल्टेज पडलेलं असतं, तर बॅटरी थकली. नाशिकच्या थंडीत ती अशी अचानक दगा देते, त्यामुळे डिसेंबरची वाट बघू नका.

कागदांचं झालं का? फॉर्म २९ आणि ३० भरून पेठ रोडच्या आरटीओत नावावर करून घ्या. विकत घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत असते. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर गाडीचं नुकसान झालं तर क्लेम अडतो. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ लागेल. ई-चलन बाकी आहे का तेही तपासा. १ एप्रिल २०१९च्या आधीची गाडी आहे, म्हणजे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी लावलीय का बघा.

सिडकोकर
विमा आजच करतो. मूळचा सायलेन्सर आणि फिल्टर बसवला, सिग्नलला बंद पडायचं बरंच कमी झालंय. आता रबरी पाइप बघतो. चेनसाठी पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा) माझ्याकडे नाही.

गोदाकाठ
माझ्याकडे आहे. गंगापूर रोडला राहते, रविवारी सकाळी गाडी घेऊन या. थ्रॉटल बॉडीही तेव्हाच उघडून बघू, क्लीनर तेवढा सोबत आणा.