एकटी आई आजारी पडली तर तान्ह्याला कुणी घ्यायचं? साथीसाठी तयारी करतोय, मदत हवी आहे

नमस्कार. प्रश्न लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही सात-आठ जण मिळून आसपासच्या लहान मुलांच्या घरांसाठी साथीच्या तयारीची यादी करतोय. सगळ्या नाही, ज्यांचं हातावर पोट आहे, घरात कमावणारं माणूस एकच आहे किंवा मूल जन्मापासून नाजूक आहे, अशा घरांसाठी. पुढची साथ कधी येईल कुणास ठाऊक, पण मागच्या वेळसारखी धांदल नको.

११ मार्च २०२० ला कोविडला महासाथ म्हटलं गेलं आणि आम्ही लगेच शिधा, साबण, सॅनिटायझर वाटत सुटलो. फोटोबिटो काढले. एका घरी पाच महिन्यांचं बाळ, दोन वर्षांचा मुलगा आणि आई, एवढीच माणसं. आम्ही दारात उभे असताना तो दोन वर्षांचा मुलगा सॅनिटायझरची बाटली दोन्ही हातांत धरून तिचं बूच चोखत होता. आई बाळाच्या दुधाच्या पावडरचा चमचा सपाट भरायची आणि त्यातली निम्मी परत डब्यात टाकायची. डबा महिनाभर पुरवायचा होता. पातळ दूध बाळाला धोक्याचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि डबा लागेल का हे आम्ही विचारलं नव्हतं.

पुढे तिला ताप आला. शेजारच्यांनी दार लावून घेतलं. त्यांना तरी काय बोलणार, भीती सगळ्यांनाच होती. मग मुलांना आजीकडे पाठवा असं आम्हीच सुचवलं. आजी सत्तरीच्या पुढच्या. आठवड्यात त्याही आजारी. वाचल्या, पण ते आठ दिवस मी विसरलेले नाही.

आता यादी घेऊन त्याच बाईंकडे गेले. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "हे सगळं ठीक आहे ताई, पण मी पडले तर यांना कुणी घ्यायचं?" यादीत त्याचं उत्तर नव्हतं.

तेव्हा विचारायचंय ते असं. मूल सांभाळणारं दुसरं माणूस आधीच कसं ठरवायचं? एकाच खोलीत राहणाऱ्यांना 'वेगळ्या खोलीत राहा' हा सल्ला काय कामाचा? आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना दवाखान्यात कधी धावायचं हे कसं शिकवायचं?

प्रतिसाद १

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते.

श्वास मोजायला शिकवा. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना अंगावरचं झबलं वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास झाले तर दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, अंगावर पीत नाही, सगळं उलटून टाकतंय, झटके येताहेत, हलवूनही नीट जागं होत नाही, तर मोजत बसू नका, निघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी निघा. हे कागदावर देऊ नका. मूल बरं असताना आईला स्वतःच्याच मुलाचे श्वास मोजायला लावा, एकदा हाताखालून गेलं की विसरत नाही.

आई आजारी पडली की घरातली मोठी माणसं आधी बाळाचं अंगावरचं दूध तोडतात. कोविडमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला उलट होता: हात धुऊन, तोंडाला मास्क लावून पाजत राहा. मास्क आईला. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला अजिबात नाही, जीव गुदमरू शकतो. एका खोलीत आजारी माणसाने मास्क लावायचा, खिडकी-दार समोरासमोर असेल तर दोन्ही उघडं ठेवायचं आणि झोपताना एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाकडे. पूर्ण संरक्षण नाही हे, पण काहीच न करण्यापेक्षा बरंच.

आणि एक. म्हातारी माणसं नकोत, तरुण चालतील, असा कायमचा नियम करू नका. १९१८ च्या फ्ल्यूत धडधाकट तरुण मोठ्या संख्येने दगावले होते. नावं दोन ठेवा, वेगवेगळ्या वयाची आणि वेगवेगळ्या घरांतली.

प्रतिसाद २

एकटा बाप आहे, म्हणून लिहितोय. नाव ठरवणं सोपं असतं हो, मूल त्या माणसाकडे राहायला हवं ना! माझी मुलगी पहिल्यांदा मावशीकडे ठेवली तेव्हा तीन तास रडली. मग आम्ही दर आठवड्याला एक दुपार तिकडे ठेवायला लागलो, महिन्याभरात रुळली. अंगावर पिणारं बाळ असेल तर वाटी-चमच्याने दूध घेण्याची सवय आधीच लावायला सांगा, ऐनवेळी तोंड घट्ट मिटतात.

मी एक वही केली आहे. कोणतं औषध चालत नाही, वजन किती, लसीचं कार्ड कुठे, झोपताना कोणती चादर लागते. चादरीला हसू नका. पहिल्या रात्री तीच कामाला आली.

प्रतिसाद ३

यादी भिंतीवर चिकटवू नका आणि मदतीचे फोटो काढू नका. लाजेपायी लोक पुढच्या वेळी दारच उघडत नाहीत. आणि लसी! २०२१ मध्ये जगभरात जवळपास अडीच कोटी मुलांची घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकल्याच्या लसीची निदान एक मात्रा चुकली. साथीच्या काळात लस कुठे आणि कधी मिळेल हे आधी शोधून ठेवा, नाहीतर मागून गोवर येतो.

धागाकर्ती

तिघांचेही आभार. फोटोंचा टोला लागला, बरोबर आहे.

काल त्या बाईंना श्वास मोजायला शिकवले. बाळ आता मोठं झालंय, म्हणून शेजारणीच्या तान्हीवर. ३८, ४४, ३९ असं दर वेळी वेगळं येत होतं. मग कळलं, त्या मिनिट पूर्ण व्हायच्या आधीच दमून थांबत होत्या. आता मिनिट संपेपर्यंत मोबाइलवर गाणं लावून ठेवतो.

दुसरं माणूस म्हणून त्यांनी कामावरच्या मैत्रिणीचं नाव दिलं, मैत्रीण लगेच हो म्हणाली. तिसरी ओळ कोरी होती, तिथे मी माझं नाव घातलं. पण माझ्या घरी सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे, आणि घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. असं दुसऱ्याचं मूल घरी आणण्यासाठी घरच्यांना आधीच कुणी तयार केलं असेल, तर बोलायला सुरुवात कुठून केलीत ते लिहा.